निर्णयाची उंची

राग यावयास माणूस समोर असावा लागतो, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. दूधवाला, रिक्षावाला, बँकेच्या खिडकीपलीकडचा कारकून, फार काय घरातील मंडळी, या सर्वांवर मी वेळोवेळी रागावलो आहे. पण त्या प्रत्येक रागाला एक चेहरा होता. ज्याचे तोंड मी पाहिले नाही, ज्याचे नाव मला आजही ठाऊक नाही, आणि ज्याचा आवाज सगळा मिळून अर्धा मिनिट माझ्या कानांवर पडला, अशा गृहस्थावर मी आयुष्यात एकदाच रागावलो. आणि तो राग असा काही जळजळीत होता, की त्याच्यापुढे बाकीचे सारे राग लटके वाटावेत. तो गृहस्थ विमान चालवीत होता. मी त्या विमानात बसलो होतो. पुण्याला उतरावयाचे सोडून त्याने मला मुंबईला नेऊन ठेवले.

हकीकत तीन वर्षांपूर्वीच्या आषाढातली आहे. पण ती सांगण्यापूर्वी आमच्या घराविषयी चार शब्द सांगणे भाग आहे.

आमचे घर बुधवार पेठेत, तांबड्या जोगेश्वरीच्या मागच्या बोळात. पुण्याबाहेरच्या वाचकांना बुधवार पेठ म्हटले, की जे आठवायचे ते आठवो. आम्हां तेथे वाढलेल्यांना ती तीन गोष्टींची पेठ वाटते. एका अंगाला देव, दुसऱ्या अंगाला आप्पा बळवंत चौकातली पुस्तके, आणि तिसऱ्या अंगाला तपकीर गल्लीतली विजेची दुकाने. माझे थोरले बंधू अण्णा या तिसऱ्या अंगाचे. तपकीर गल्लीत त्यांचे आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद असे दुकान होते. त्या दुकानाच्या पाटीवर ‘रेडिओ दुरुस्त करून मिळतील’ एवढीच अक्षरे होती. व्हॉल्व्हचे रेडिओ गेले, ट्रान्झिस्टर आले. ते गेले, दूरचित्रवाणीचे संच आले. तेही दुरुस्त करण्याऐवजी फेकून देण्याचे दिवस आले. पाटी मात्र अण्णांनी बदलली नाही. जुन्या बाजारातून आणलेले लष्करी बिनतारी यंत्रांचे सुटे भाग आणि पदपथावर वजनाच्या भावाने घेतलेली इंग्रजी पुस्तके यांच्यामध्ये ते बसत. ते माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. त्यांना ‘अहो’ म्हणण्याची सवय मला वडिलांनी लावली, ती त्यांच्याशी भांडतानाही सुटली नाही.

भांडणाचे कारण मराठी कुटुंबांत जे असते तेच. वाडा बांधकाम करणाऱ्याला द्यावा की न द्यावा? मी द्यावा म्हणत होतो आणि नुसते म्हणून न थांबता, अण्णांना न विचारता, कागदावर सही करून मोकळा झालो होतो. अण्णा एवढेच म्हणाले, “बरे केलेस.” त्यानंतर सात वर्षे ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांची सही नसल्यामुळे वाडा होता तसाच राहिला, आणि आम्ही दोघे होतो तसे राहिलो नाही.

त्या आषाढात मी मुलीकडे दिल्लीला होतो. दुपारी वहिनींचा फोन आला. “भावजी, उद्या सकाळी सात वाजता यांना पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी आत नेणार आहेत. वय ऐंशीचे. डॉक्टर स्पष्ट काही बोलत नाहीत. हे तुमचे नाव काढीत नाहीत. पण काल मला विचारीत होते, दिल्लीला पाऊस आहे का?” माझ्या वहिनी पन्नासावर वर्षे अण्णांच्या बोलण्याचे भाषांतर करीत आल्या आहेत, त्यांनी केलेला अर्थ चुकला असे मी कधी पाहिले नाही. संध्याकाळच्या विमानात मला जागा मिळाली.

पुण्याच्या जवळ येईपर्यंत सारे सुरळीत होते. मग विमान ढगांत शिरले. खिडकीबाहेर ओल्या कापसासारखे काहीतरी गच्च भरून राहिले होते आणि पंखाच्या टोकाचा दिवा त्या कापसात मिटत उघडत होता. चाके बाहेर पडल्याचा दणका पायांखाली ऐकू आला. मी मनातल्या मनात रुग्णालयाचा जिना चढू लागलो. एवढ्यात सरळ खाली पाहतो तो ढगाला एक भोक पडलेले, आणि त्यातून पिवळे दिवे, एक ओला रस्ता, त्यावरून चाललेली एक मोटारसुद्धा मला स्वच्छ दिसली. पुणे आले! आणि त्याच क्षणी यंत्रांनी जी काही गर्जना केली, तिने माझी पाठ खुर्चीला चिकटून गेली. नाक वर करून विमान पुन्हा कापसात घुसले. अर्ध्या तासाने दुसऱ्यांदा हाच प्रकार झाला. मग तो आवाज आला. पुण्याची दृश्यता किमान मर्यादेपेक्षा कमी असल्यामुळे आपण मुंबईस जात आहोत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. आवाज तरुण होता, आणि त्यात दिलगिरी फारशी नव्हती.

माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, “घाबरट दिसतोय.” मी त्यांना दुजोरा दिला. नुसता दुजोरा नव्हे, मी पुष्कळ बोललो. मला दिवे दिसले, मला मोटार दिसली, आणि समोरच्या एवढ्या मोठ्या काचेतून यांना धावपट्टी दिसू नये? माझ्या घरी काय चालले आहे, हे त्याला ठाऊक असते तर! असे सगळे मी बोललो. ते आठवले म्हणजे आता संकोच वाटतो. पण जे बोललो ते लिहिणे बरे.

मुंबईहून भाड्याची मोटार केली. खंडाळ्याच्या घाटात धुके असे होते, की मोटारीच्या दिव्यांचा उजेड परत आमच्याच डोळ्यांत येत होता. चालक पुढच्या मालमोटारीचे दोन तांबडे ठिपके धरून चालला होता. मी म्हटले, “जरा वेग वाढवा.” तो म्हणाला, “साहेब, ते दोन दिवे दिसताहेत तोवर चालतो. ते दिसेनासे झाले की थांबणार, मग तुम्ही काही म्हणा.” त्याच्यावरही मी रागावलो. रुग्णालयाच्या दारात पोहोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते, आणि रखवालदाराने मला बाकावर बसवून ठेवले.

सकाळी सहाच्या सुमारास पाच मिनिटांसाठी मला आत सोडले. सात वर्षांनंतर भावाला काय म्हणावयाचे, याची मी घाटात आणि बाकावर पुष्कळ तयारी केली होती. वहिनींनी रात्रीच त्यांना सर्व सांगितले असावे, कारण मी कॉटेजवळ जातो न जातो तोच अण्णांनी डोळे उघडले आणि विचारले, “किती वेळा प्रयत्न केला त्याने?”

“दोनदा.”

“दोन्ही वेळा वरून परत?”

“हो. अगदी खाली येऊन. मला दिवे दिसले होते, अण्णा.”

“तुला दिसले असतील,” ते म्हणाले, आणि थोडे थांबून, “शहाणा आहे मुलगा.” हे विशेषण माझ्याविषयी नाही, हे समजायला मला क्षणभर लागला. तेवढ्यात परिचारिकेने मला बाहेर काढले.

शस्त्रक्रिया पार पडली. अण्णा घरी आले, आणि श्रावण-भाद्रपदात त्यांच्या उशाशी बसून मी जे ऐकले, ते माझ्या एम. ए. च्या दोन वर्षांत ऐकले नसेल. वाड्याचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. दिवाळीनंतर बोलू, असे एकदा ते म्हणाले; त्या दिवाळीनंतर आणखी दिवाळ्या झाल्या, तो विषय निघालेला नाही. बोलणे होई ते विमान अंधारात खाली कसे येते, याविषयी.

मी साहित्याचा शिक्षक. विजेचा दिवा लागतो हे मला पटते. तो का लागतो, हे मी कधी विचारले नाही. अण्णांना माझी ही योग्यता माहीत असल्यामुळे त्यांनी पेठेतलेच उदाहरण घेतले. गणपतीचे दिवस होते. आमच्या बोळाच्या तोंडाशी रस्त्याच्या एका बाजूला एक मंडळ, दुसऱ्या बाजूला दुसरे. आणि दोघांचे ध्वनिक्षेपक एकमेकांवर कुरघोडी करीत होते. एकावर ढोल घुमे, दुसऱ्यावर सनई. अण्णा म्हणाले, “रस्त्यावर जा, डोळे मीट, आणि चालू लाग. ढोल मोठा ऐकू आला तर तू डावीकडे गेलास. सनई मोठी झाली तर उजवीकडे. दोन्ही सारखे ऐकू आले, की तू रस्त्याच्या मधोमध. डोळ्यांची गरज काय?”

विमानाचे तसेच असते. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला आकाशकांची एक रांग उभी असते. ती बिनतारी लहरींचे दोन पंखे आकाशात उलगडते, एक जरासा डावीकडे, दुसरा जरासा उजवीकडे. मध्ये दोघांची पाती एकमेकांवर येतात. उतरू पाहणाऱ्या वैमानिकाच्या डाव्या हाताच्या पंख्यावर दर सेकंदास ९० आवर्तनांचा सूर चढविलेला असतो, उजव्या हाताच्या पंख्यावर १५० आवर्तनांचा. विमानातले यंत्र दोन्ही सूर एकदम घेते, तोलते, आणि जो जड असेल त्याप्रमाणे तबकडीवरचा उभा काटा हलविते. दोन्ही सूर सारखे झाले, की काटा मधोमध. अशीच दुसरी जोडी धावपट्टीच्या अलीकडच्या टोकाजवळून वर-खाली उलगडलेली असते. तिचा काटा आडवा. ती उताराचा मार्ग दाखविते. हा उतार बहुतेक ठिकाणी तीन अंशांचा, म्हणजे शंभर फूट पुढे गेले, की सव्वापाच फूट खाली. दोन काटे एकमेकांना मध्यावर छेदतात तेथे धरून ठेवावयाचे, आणि त्या फुलीवरून न दिसणाऱ्या जिन्याने उतरत यावयाचे. अण्णांनी हे सर्व एका ताटावर दोन उदबत्त्या ठेवून मला दाखविले. वहिनींनी उदबत्त्या देवापुढच्या होत्या म्हणून परत नेल्या.

मला त्यातले जे विलक्षण वाटले ते हे, की या व्यवस्थेत ‘हा तुझा मार्ग’ असे सांगणारा सूरच नाही. दोन्ही सूर चुकीचेच आहेत. एक या बाजूच्या चुकीचा, दुसरा त्या बाजूच्या. खरा मार्ग म्हणजे दोघांपैकी कोणीच वरचढ नसणे.

याच्या आधीच्या काळी वैमानिकाला हे कानांनी ऐकावे लागे. अमेरिकेत मार्गाच्या एका बाजूला मोर्सच्या लिपीतले ‘ए’ अक्षर ऐकू येई, म्हणजे एक टिंब आणि एक रेघ. दुसऱ्या बाजूला ‘एन’, म्हणजे एक रेघ आणि एक टिंब. ही दोन अक्षरे अशी बेतलेली, की एकाच्या मोकळ्या जागेत दुसरे नेमके बसावे. मार्गावर आले, की दोन्ही मिसळून एकच अखंड सूर होई. १९२९ सालच्या सप्टेंबरच्या २४ तारखेला जेम्स डूलिटल या अमेरिकन वैमानिकाने आपल्या बैठकीवर आच्छादन ओढून घेऊन, बाहेरचे काहीही न पाहता, केवळ यंत्रांच्या आधाराने विमान उडविले, फिरविले आणि परत उतरविले. १९३८ च्या जानेवारीत वॉशिंग्टनहून निघालेले उतारूंचे एक विमान हिमवादळात पिट्सबर्गला या नव्या दोन काट्यांच्या पद्धतीने उतरले.

आपल्याकडे याच सुमारास काय होते? जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला टपाल आणले, तेव्हा विमानात रेडिओ नव्हता आणि जमिनीवर दिशा दाखविणारे काहीही नव्हते. जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्रकाठचे मैदान. पावसाळ्यात तेथे पाणी भरे. मग ते सारे बिऱ्हाड पावसाळ्यापुरते पुण्यास हलवीत आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या एका मैदानावरून विमाने उडत. मला पुण्याहून मुंबईस नेले म्हणून मी एवढा संतापलो. नव्वद वर्षांपूर्वी मुंबईचा पाऊस चुकविण्यासाठी लोक पुण्यास येत होते, हे ऐकून माझा राग थोडा खजील झाला.

पण पुरता गेला नव्हता. “सूर आहेत, काटे आहेत, जिना आहे,” मी एके दिवशी म्हणालो, “मग हा मनुष्य उतरला का नाही? आणि मला जे दिवे दिसले ते काय खोटे?”

“खरे. पण तू खाली पाहत होतास,” अण्णा म्हणाले. “धुक्याचा थर सरळ खाली फार तर शे-दोनशे फूट असेल, आणि त्याला भोके असतात. त्याला पाहायचे होते पुढे, तिरके; त्याच थरातून त्याची नजर हजारो फूट जायला हवी. विहिरीत वाकून पाहिले तर तळ दिसतो, म्हणून तलावाचा पलीकडचा काठ पाण्यातून दिसतो का?”

मग त्यांनी मला ‘निर्णयाची उंची’ हा शब्द सांगितला. या पद्धतीच्या पहिल्या श्रेणीत ही उंची जमिनीपासून २०० फुटांपेक्षा कमी धरीत नाहीत, आणि धावपट्टीवरची दृश्यता निदान ५५० मीटर असावी लागते. दोनशे फूट म्हणजे सुमारे वीस मजल्यांची इमारत. उतरण्याच्या वेगाने तेथून जमीन पंधरा-सोळा सेकंदांवर असते. त्या उंचीला पोहोचेपर्यंत वैमानिकाने काट्यांवर पूर्ण विश्वास ठेवावयाचा, आपल्या शरीरावर तर मुळीच ठेवावयाचा नाही. कारण ढगात माणसाच्या कानातला तोल लबाडी करतो. विमान हळूहळू एका अंगाला वळत असते आणि कानाच्या आतला द्रव स्थिरावल्यामुळे माणसाला आपण सरळच चाललो आहोत अशी खात्री वाटते. तेव्हा तोवर काटे. पण नेमक्या त्या उंचीवर मान वर करून पाहावयाचे. धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरावयाचे. दिसले नाहीत तर त्याच क्षणी यंत्रांना सारा जोर देऊन वर जावयाचे. काटे कितीही मध्यावर असोत, घरी कोणाचीही शस्त्रक्रिया असो, आणखी दहा फूट खाली जाऊन पाहू, असे म्हणावयाचे नाही.

“मग एवढा खटाटोप कशाला?” मी म्हटले. “शेवटी डोळेच लागतात तर!”

“डोळे न लागणाराही प्रकार आहे,” ते म्हणाले, आणि मग दुसरी श्रेणी, तिसरी श्रेणी यांचा पाढा त्यांनी वाचला. तो मी सर्व देत नाही. लंडनजवळच्या विमानतळावर १० जून १९६५ रोजी उतारूंनी भरलेले एक विमान यंत्राने आपण होऊन उतरविले, आणि आज दिल्लीला पौषातल्या धुक्यात तिसऱ्या श्रेणीने विमाने उतरतात. पण त्याला विमानतळावरची यंत्रे त्या तोलाची लागतात, विमान त्या तोलाचे लागते आणि वैमानिक त्या परीक्षेस बसलेला लागतो. तिघांपैकी एक जरी उणा असला, तरी मर्यादा पुन्हा वर जाते. अलीकडे तर जमिनीवरच्या आकाशकांवाचूनही उतरता येऊ लागले आहे. उपग्रहांकडून येणाऱ्या खुणांतील चूक दुरुस्त करून देणारी ‘गगन’ नावाची भारतीय योजना आहे; तिच्या आधाराने २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगढ येथे एक विमान उतरविण्यात आले. अण्णांना या गोष्टीचे कौतुक होते. नावाचे विशेष. “सरकारी खात्याला एवढे चांगले नाव सुचले कसे?” असे ते दोनदा म्हणाले.

“मात्र मर्यादा प्रत्येक पद्धतीला असतेच,” त्यांनी पुढे जोडले. “आकडा निरनिराळा. आकडा नाही अशी पद्धत नाही.”

आता जी गोष्ट मला सांगावयाची आहे, ती अण्णांनी सांगितली नाही. वहिनींनी सांगितली, तीही अण्णा झोपल्यावर. आमचे आजोळ जुन्नरचे. १९६२ साली अण्णा इंटरच्या परीक्षेत नापास झाले, आणि वडिलांच्या नजरेआड राहावे म्हणून आईने त्यांना पावसाळ्यात मामांकडे धाडले होते. मी तेव्हा सात वर्षांचा. मला एवढेच आठवते, की पानशेतच्या पुराला वर्ष व्हावयास पाच दिवस कमी होते आणि घरात पुन्हा कोणत्या तरी भयंकर गोष्टीची कुजबुज चालली होती.

७ जुलैच्या रात्री, मध्यरात्र नुकतीच उलटली असता, इटलीच्या अलितालिया कंपनीचे एक जेट विमान जुन्नर तालुक्यात दावंड्याच्या डोंगरावर आदळले. सिडनीहून रोमला निघालेले ते विमान बँकॉकहून मुंबईस उतरावयास येत होते. आत ९४ माणसे होती. एकही वाचले नाही. मुंबईचा विमानतळ तेथून सुमारे ८० किलोमीटर दूर होता. पुढे चौकशी झाली तीत निष्पन्न झाले ते असे, की आपण मुंबईच्या पुष्कळ जवळ आलो आहोत असा वैमानिकाचा समज झाला आणि त्याने वेळेआधीच खाली यावयास सुरुवात केली. आपण नेमके कोठे आहोत हे ताडून पाहण्यास जी बिनतारी साधने हाताशी होती, त्यांचा उपयोग केला गेला नाही; त्या मुलखावर जेवढ्या उंचीखाली येऊ नये, तेवढ्या उंचीखाली विमान आले; आणि खालच्या सह्याद्रीची त्याला ओळख नव्हती. असाच पावसाळा, असाच मुंबईचा रस्ता, याआधी १३ वर्षांपूर्वीही एकदा घात करून गेला होता. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम कंपनीचे विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळून ४५ माणसे गेली होती.

त्या सकाळनंतर मामा गावातल्या चार लोकांबरोबर डोंगराकडे गेले, आणि अण्णा त्यांच्यामागून गेले. एकोणीस वर्षांचा मुलगा. ते किती वर चढले, काय पाहिले, हे त्यांनी वहिनींनाही सांगितलेले नाही. पुण्यास परत आल्यावर मात्र त्यांनी वडिलांना सांगितले, की मला पुन्हा परीक्षेस बसावयाचे नाही, मी रेडिओचे काम शिकणार. वडील पुष्कळ दिवस बोलले नाहीत. आमच्या घराण्यात न बोलण्याची परंपरा जुनी आहे. मी लहानपणापासून धरून चाललो होतो, की अण्णांना अभ्यास झेपला नाही म्हणून ते तपकीर गल्लीत जाऊन बसले; आणि खरे सांगावयाचे तर वाड्याच्या कागदावर त्यांना न विचारता मी सही केली, तेव्हा त्या समजुतीचा थोडा अंश माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना फक्त एवढेच विचारले, “त्या इटालियन वैमानिकाला परत वर जाता आले नसते का?”

त्यांनी मी हे कोठून ऐकले असे विचारले नाही. “त्याला ते माहीत असते तर गेला असता,” ते म्हणाले. “आपण बरोबर आलो आहोत, अशी त्याची खात्री होती. खात्री असलेला मनुष्य वर जात नाही.” मग बराच वेळ ते छताच्या तुळईकडे पाहत राहिले. “तुझ्या त्या मुलाला खात्री नव्हती म्हणून तू सहा वाजता आलास. मला वाटले होते, तू येतच नाहीस.”

मी काही बोललो नाही. बाहेर ढोल आणि सनई दोन्ही चालू होते.

त्या तरुण वैमानिकास पत्र लिहावे, असे पुढे मला पुष्कळदा वाटले. विमान कंपनीकडे पाठविले असते तर कदाचित त्याच्या हाती पडलेही असते. पण काय लिहिणार? ‘आपण मला उतरविले नाहीत, याबद्दल आभारी आहे,’ असे पत्र वाचून त्यांच्या कचेरीत मला वेडा ठरविले असते. आणि रागावलेल्या उतारूंच्या पत्रांच्या गठ्ठ्यात त्याला शोधणार कोण? पत्र राहून गेले.

अण्णा आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. दुकान भाच्याकडे दिले आहे. तेथे रंगीत दिव्यांच्या माळा मिळतात. पाटी अजून तीच आहे. मी दिल्लीचे जाणे कमी केले असून वाड्यातल्या माझ्या दोन खोल्या झाडून घेतल्या आहेत. पाऊस फार असला, की रात्री अण्णांना झोप येत नाही. ते खिडकी उघडी ठेवून पडून राहतात. वरून एखादे विमान लोहगावच्या दिशेने घरघरत गेले, की त्यांचा एक हात पांघरुणाबाहेर येतो आणि थांबा अशी खूण करतो. मग आम्ही तिघेही ऐकतो.

परवाच्या रात्री असेच झाले. आवाज खाली खाली आला, क्षणभर पागोळ्यांत बुडाला, आणि मग एकदम भरून वर चढत दूर गेला.

“उतरले का हो?” वहिनींनी अंधारातून विचारले.

“नाही,” अण्णा म्हणाले. “परत गेले वर.” आणि खिडकी लावून घ्यायला सांगून ते कुशीवर वळले.